जेवणारी मम्मी

भेस्तान, सुरत
६ जुलै २०२५

ती. आईस,
धनश्रीचा नमस्कार.

सुपडूभाऊंच्या ट्रॅव्हल्समधून पाठवलेला डबा काल मिळाला. कळण्याचं पीठ, ठेचा, शेवया, आणि वर तुपाची बरणी! आई, मागच्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते तुम्ही वाचलंत की नुसतंच उशाला ठेवलंत? डॉक्टरीणबाईंनी मला वजन उतरवायला सांगितलंय. पाळी महिनोन्‌महिने येत नाही. वजन उतरलं तर मूल राहील, म्हणाल्या. मयुरी माझीच आहे, ती पोटची नाही असं मला कधी वाटलं नाही. तरी एक बाळ हवं आहे, आई. तुमच्यापासून काय लपवायचं.

म्हणून इथल्या निशाबेनचा क्लास लावलाय. त्या उपाशी मारत नाहीत. काही आठवडे कमी खायचं आणि मग ठरवून सुट्टी घ्यायची. सुट्टीत गोडधोड हाणायचं नाही, पण अंगाला लागतं तेवढं पोटभर जेवायचं. त्या म्हणतात, सारखं कमी खाल्लं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला, मग ते सगळं धरून बसतं. मधेमधे त्याला सांगावं लागतं की बाबा, दुष्काळ नाहीये. धर्मेंद्र हसतात. म्हणतात, आमच्या लूमच्या खात्यात आम्हाला अशी सुट्टी कोण देतं?

एक विचारायचं होतं. लग्नात तुम्ही तुमच्या लेकीचा, लीलाताईंचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधलात आणि सांगितलंत, पहिलीच्या नावाचा घास काढल्याशिवाय दुसरीनं जेवायचं नाही. मी तो रोज काढते. आता माझंच ताट निम्मं झालंय, तर घासही बारका निघतो. चालेल ना? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रातच सांगा.

तुमची,
धनश्री


पारोळा तालुका
१५ जुलै

चि. सौ. धनश्रीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशाला नाही, देव्हाऱ्यात ठेवते. तूप पाठवलं कारण तू खाणार नाहीस हे मला माहीत होतं, पण जावयांनी खावं. तेही लूमवर उभे राहून चिपाड झाले आहेत.

जन्म अंगणवाडीत गेला माझा. लेकरांना झोळीत घालून काट्याला टांगायचं, आणि काटा जरासा पुढे सरकला की त्यांच्या आयांच्या आधी मला हसू फुटायचं. वजन उतरावं म्हणून क्लास लावणारं माणूस मी आता तुझ्या पत्रात पाहते आहे. असो. खाईन तर तुपाशी नाही तर उपाशी, असा तुझा स्वभाव नाही, आणि ती निशाबेन शहाणी दिसते. बाळासाठी करते आहेस तर कर, मीही कानबाईला नवस बोलले आहे.

पण घासाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नको. उलट असं कर. तुझ्या ताटातलं जे कमी केलंस, ती पोळी, तो भात, ते लीलाच्या ताटलीत ठेवत जा. अन्न वाया जाणार नाही, आणि माझ्या लेकीला मिळेल. कावीळ झाली तेव्हा शेवटी शेवटी तिच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं. मी इथून डबे घेऊन आले होते ते तसेच परत नेले. दरवर्षी पित्तरांत मी तिचं पान वाढते, तिला आवडायचं ते सगळं करते. कावळा फिरकत नाही. तू पोटभर वाढ, तुझ्या हातून कदाचित घेईल.

तुझी,
आई


भेस्तान, सुरत
३ ऑगस्ट

ती. आईस,
नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं करते आहे. दुपारी माझं ताट वाढलं की तेवढंच लीलाताईंचं वाढते आणि गॅलरीत ठेवते. मग साड्यांना खडे चिकटवायला बसते. पहिले काही दिवस कबुतरांनी नासधूस केली. आता कबुतरं गॅलरीत येईनाशी झाली आहेत. कठड्यावर बसत नाहीत, समोरच्या तारेवर बसून इकडे बघतात.

ताटली मात्र रिकामी होते.

आई, मला भीती वाटली म्हणून लिहिते, हसू नका. पक्ष्यांनी खाल्लं तर शितं सांडतात. इथे एक शीत नसतं. कढीपत्त्याची पानं तेवढी ताटलीच्या कडेला नीट लावून ठेवलेली असतात. आणि ताटलीत थोडं पाणी असतं, कुणी जेवून त्यातच हात धुवावा तसं. काल त्या पाण्यात बोट घातलं. कोमट होतं.

धर्मेंद्रना सांगितलं नाही. त्यांची दिवसपाळी आहे, ते दुपारी नसतात. मयुरी शाळेतून येते तेव्हा मी ताटली घासून ठेवलेली असते.

वजन मात्र झपाट्यानं उतरतंय. क्लासमधल्या बायका विचारतात, तू असं काय करतेस? निशाबेन खूश नाहीत. एवढं भराभर नको, म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात तुझी सुट्टी सुरू होते, ती टाळायची नाही.

धनश्री


पारोळा तालुका
९ ऑगस्ट

चि. सौ. धनश्रीस,
आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि रडत बसले. शेजारची कुंदन धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं. कसं सांगू तिला की कुणी आलं म्हणून रडते आहे?

लहानपणापासून लीला कढीपत्ता खात नसे. मी ओरडायचे, तो खाल्ला की केस लांब होतात. ती एकेक पान काढून ताटाच्या कडेला लावायची, शाळेतल्या रांगेसारखं. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. जावयांनीही सांगितलं नसेल, पुरुषाच्या असलं लक्षात राहत नाही.

घाबरू नको, बाई. ती वाईट करणारी नाही. जिवंत असताना मुंगी मारली नाही तिनं. भुकेली आहे इतकंच. वाढत जा. एखाद्या दिवशी वांग्याचं भरीत कर, हिरवी मिरची भाजून. आणि कशी खाते ते मला लिही. सगळं लिही.

तुझी,
आई


भेस्तान, सुरत
२२ ऑगस्ट

ती. आईस,
नमस्कार.

भरीत करायचं राहिलं. सुट्टी सुरू झाली आहे.

निशाबेननी लिहून दिल्याप्रमाणे मी पूर्ण जेवते. पोळ्या, भात, वरण, मूठभर शेंगदाणे. माझ्या ताटातलं आता काही उरत नाही, म्हणून लीलाताईंच्या ताटलीत पूर्वीसारखा एक घास ठेवते. पहिल्या दिवशी तो घास तसाच राहिला. ताटली तेवढी गॅलरीतून सरकून उंबऱ्याशी आली होती. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या आत.

आणि आई, मला चव लागत नाही. पोळी चावते, गिळते, पण पोटात काही जात नाही असं वाटतं. ताट संपतं आणि मी पहिल्याइतकीच उपाशी असते. निशाबेन म्हणाल्या होत्या, सुट्टीत वजन थोडं वाढेल, घाबरू नकोस. माझं कमीच होतंय. त्यांनी काटा बदलून पाहिला.

टाक जड झालाय. तुम्ही म्हणाल मनाचे खेळ. पण दोरा मानेत रुततो, तिथे वळ उठलाय. क्लासमधल्या एकीनं विचारलं, गळ्यात काय अडकवलंस?

काल शाळेला सुट्टी होती. मयुरीला जेवायला बसवलं, मीही बसले. ती इकडे तिकडे बघून म्हणाली, "मम्मीनी थाळी क्यां छे?"

मी म्हटलं, ही काय माझी थाळी.

म्हणाली, "तारी नहीं. जेवणाऱ्या मम्मीची."

मी विचारलं, कोण जेवणारी मम्मी? तिनं माझ्या पाठीमागे बोट केलं आणि म्हणाली, तिला वाढ ना, ती तुझ्या ताटातलं घेते.

मी वळून पाहिलं नाही. हिंमत झाली नाही. आई, काय करू ते लवकर कळवा.

धनश्री


पारोळा तालुका
२६ ऑगस्ट

चि. सौ. धनश्रीस,

सुट्टी मोड. आजच मोड.

आपल्यात रीत आहे की सवतीचा वाटा एकदा वाढवला की कमी करता येत नाही. मी आधी सांगायला हवं होतं. तू तिला अर्ध्या ताटाची सवय लावलीस आणि आता घासावर आणलंस, मग ती तुझ्या ताटातलं घेणार नाही तर काय करील? तुझ्या निशाबेनला काय ठाऊक आपल्या रीती. शरीराला दुष्काळ नाही हे सांगायला तुझ्याजवळ उद्या आहे, परवा आहे. माझ्या लीलाकडे ते दिवस नाहीत.

पहिल्यासारखं वाढ. भरीत कर. पोरीला सांग, मम्मी जेवते आहे, तिच्याकडे बोट करू नये. एवढं माझं ऐक.

आई


भेस्तान, सुरत
१४ सप्टेंबर

ती. आईस,

ऐकलं. भरीत केलं होतं. ताटलीत मिरचीचे देठसुद्धा राहिले नाहीत.

सुट्टी मोडली म्हणून निशाबेन रागावल्या. म्हणाल्या, तुला बारीक व्हायचंय की संपायचंय? केस मुठीनं निघतात. खडे चिकटवायला बसले की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून साड्यांचं काम परत पाठवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा अंगात बाळ राहत नाही, आधी जेव.

जेवते. पण मी माझ्यासाठी वाढते ते आणि तिच्यासाठी वाढते ते, ह्यातलं माझं कुठलं हेच कळत नाही.

तरी तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही. मला आई म्हणायला दुसरं कुणी नाही.

धनश्री


भेस्तान, सुरत
२९ सप्टेंबर

ती. सासूबाईंस,
धर्मेंद्रचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही, चुकलं माकलं पोटात घाला. धनश्री परवा न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टर म्हणतात रक्त नाही, अंगात काही राहिलंच नाही. मी म्हणतो साहेब, ती माझ्यापेक्षा जास्त जेवते, मी डोळ्यांनी पाहतो. त्यांना पटत नाही.

आता जे लिहितो ते कुणाजवळ बोललो नाही. त्या दिवशी खात्यात लाईट गेली म्हणून दुपारी घरी आलो. दार उघडंच होतं. ती गॅलरीकडे तोंड करून जेवत बसली होती. पाठमोरी, अंग चांगलं भरलेलं, अंबाडा मानेवर. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, धनश्रीनं सुट्टी घेतली, खाते आहे. मी म्हटलं, सावकाश जेव. तिनं मान हलवली.

तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आत गेलो तर धनश्री न्हाणीघरात पडलेली. बाहेर येऊन पाहिलं तर गॅलरीत कुणी नाही. ताटलीतलं पाणी हलत होतं.

लीलासोबत मी सात वर्षं संसार केला. तिची पाठ मी ओळखतो.

तुम्ही धनश्रीला काय लिहिता ते मी विचारत नाही. पण ती तुमच्या शब्दाशिवाय ऐकत नाही. तिला जेवायला सांगा, नाहीतर ही पण जाईल. मयुरीला पुन्हा आई कुठून आणू?

आपला,
धर्मेंद्र


भेस्तान, सुरत
२० ऑक्टोबर

ती. आईस,
धनश्रीचा नमस्कार.

एका दिवसासाठी आलात आणि चहासुद्धा धड न घेता परत गेलात. पोचल्याचा निरोप नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही माझ्या गळ्यातला टाक काढून स्वतःच्या गळ्यात बांधलात तेव्हा मी तुमचा हात धरला होता. आता लाज वाटते. मला वाटलं, टाक काढला म्हणजे तुम्ही मला लेक म्हणायचं बंद करणार. तुम्ही माझ्या मानेवरच्या वळावर हळद लावलीत. मग गॅलरीत जाऊन हाक मारलीत, "चाल माय, घर चाल." मी आत उभी राहून ऐकलं. आई, तुमचा आवाज इतका गोड मी कधी ऐकला नव्हता.

त्याच दुपारी मला भूक लागली. कधी नव्हे ती साधी, माणसाला लागते तशी भूक! पोळी-भाजी खाल्ली आणि मीठ जास्त झालंय हे कळलं. मीठ कळलं म्हणून मी रडले, मयुरी बघतच राहिली. निशाबेननी आता मोठी सुट्टी दिली आहे, वजनाचं नाव काढायचं नाही म्हणाल्या. कबुतरं पुन्हा येतात, सगळी गॅलरी घाण करतात. पाळी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घाई नको, पण आशा आहे.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. कामरेजच्या नाक्यावर आम्ही तुम्हाला गाडीत बसवलं. खिडकीची जागा मोकळी असून तुम्ही अलीकडच्या जागेवर बसलात. एक बाई तिथे बसायला आली तर तुम्ही हात आडवा घातलात. गाडी हलली तेव्हा मयुरी हात हलवत होती. तुमच्याकडे बघून नव्हे, त्या मोकळ्या खिडकीकडे बघून.

तुम्ही कशा आहात? दिवाळी झाली की आम्ही तिघं तिकडे येतो. मी तुमच्या हातचं पोटभर जेवणार आहे.

तुमचीच,
धनश्री


पारोळा तालुका
१८ नोव्हेंबर

चि. सौ. धनश्रीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. पेन जड लागतं.

तुला मीठ कळलं हे वाचून बरं वाटलं. आधी एक सांगते. वाढवलेला वाटा कमी करता येत नाही, अशी आपल्यात काही रीत नाही. ती मी रचली. माझी लेक मेल्यानंतर पहिल्यांदा जेवत होती आणि तू सुट्टी म्हणालीस, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. तू मरायला टेकलीस आणि जावयांनी लिहिलं तेव्हा कुठे मला दिसलं की मी एका लेकीच्या तोंडातला घास काढून दुसरीला भरवते आहे. मला माफ कर असं म्हणत नाही. तू करशीलच, आणि ते मला सोसणार नाही.

लीला इथे आहे. सुखरूप पोचली. आता मी दोन ताटं मांडते, तिचं आधी. तिला सगळं आवडतं इथलं. अंगानं चांगली भरली आहे. लग्नाआधी होती तशी दिसते. दुपारी ओसरीत बसून केस विंचरते, मी बघत बसते. इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

कुंदन आरडाओरडा करते, काकू तुम्ही वाळून चाललात. मला अंगणवाडीत नेलं. नव्या सेविकेनं काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून पुन्हा एकदा उभं केलं. कुंदनला मी तुझ्या निशाबेनचं बोलणं सांगितलं होतं, तर तीच मला म्हणते, काकू, तुम्हीही ठरवून सुट्टी घ्या, थोडे दिवस स्वतःचं जेवा. म्हटलं, बघू. एक दिवस खरंच घेतली. लीलाचं ताट मांडलं नाही. माझ्यापुरती भाकरी दुधात कुस्करली आणि पहिला घास उचलला. ती समोर येऊन बसली. हात मांडीवर ठेवून, लहानपणी शाळेतून आल्यावर बसायची तशी. मागितलं नाही. रागावलीही नाही. नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली.

मी घास तिच्या तोंडात दिला. आई काय करील दुसरं?

तुम्ही येऊ नका. दिवाळीनंतर म्हणाला होतात, मी वाट पाहणार नाही. तिची भूक भागलेली नाही, बाई. वाढतच चालली आहे. आणि माझ्यात आता फार उरलेलं नाही. मी गेल्याचा निरोप आला तर जावयांनी एकट्यानं यावं, घरून जेवून यावं, इथलं पाणीही घेऊ नये. मयुरीला आणू नये. आणि तू तर गावाच्या वेशीतसुद्धा पाऊल टाकू नकोस. माझ्या मढ्याला हात लावायचा मान तुझा आहे हे मला माहीत आहे. तू माझी लेक आहेस. म्हणूनच सांगते, येऊ नकोस.

तुझी,
आई